उजनी उणे साठ, पण त्यात पावसाचं किती आणि आपलं किती?

जून २०२४ च्या सुरुवातीला भीमेवरच्या उजनी धरणाच्या साठ्याचा आकडा उणे साठ टक्क्यांच्या घरात गेला होता. बाहेरगावच्या माणसाला हे ऐकून हसू येतं. धरणात उणे पाणी कसं असेल? सोलापूरकराला मात्र ‘प्लस’ आणि ‘मायनस’ ही उजनीची रोजची भाषा आहे. हिशेब साधा आहे. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). त्यातलं साधारण साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त साठ्यात आणि साडेत्रेसष्ट टीएमसी मृत साठ्यात मोजतात. टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्यावर काढतात. तो संपला की शून्य, आणि त्याखाली उपसा चालू राहिला की उणे. म्हणजे उणे साठ टक्के असताना मृत साठ्यातलं सुमारे बत्तीस टीएमसी उपसलेलं असतं, आणि तरीही धरणात एकतीस टीएमसीच्या आसपास पाणी शिल्लक असतं. पुण्याच्या खडकवासला साखळीतली चारही धरणं काठोकाठ भरली तरी त्यांत एवढं पाणी मावत नाही. दुष्काळाचा आकडा कानावर आला की तो कशाचा टक्का आहे हे आधी विचारलेलं बरं.

त्या उन्हाळ्यात चहाच्या टपरीवर तीन मतं ऐकू येत होती. एक, पाऊसच पडला नाही, धरण भरलंच नाही, कुणाला दोष देणार? दोन, उसानं पाणी खाल्लं. तीन, वर पुणे जिल्ह्यात पाणी अडवलं. तिन्ही खरी आहेत, म्हणून भांडण मिटत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात उजनी साठ टक्क्यांच्या आसपासच भरली होती, हे खरं. आणि जानेवारी २०२४ मध्येच ती उण्यात गेली, हेही खरं. प्रश्न ‘कोण जबाबदार’ असा विचारला की उत्तर ज्याच्या त्याच्या सोयीचं मिळतं. ‘किती’ असं विचारलं तर मोजावं लागतं. नदीच्या आणि भूजलाच्या दुष्काळात माणसाचा वाटा किती, हे मोजण्याच्या रीती जलशास्त्रज्ञांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांत बऱ्यापैकी घडवल्या आहेत. त्या सोलापुरात लावायच्या झाल्या तर काय दिसेल आणि कुठे अडेल, ते पाहू.

‘कमी’ म्हणजे कशापेक्षा कमी?

सीना नदी मे महिन्यात आटली म्हणून तो दुष्काळ होत नाही. आपल्याकडच्या नद्या उन्हाळ्यात आटतातच. दुष्काळ म्हणजे त्या महिन्यात, त्या ठिकाणी एरवी जेवढं पाणी असतं त्यापेक्षा बरंच कमी असणं. म्हणून आधी ‘एरवी’ ठरवावं लागतं. निदान तीस वर्षांच्या नोंदी घ्यायच्या आणि महिन्यागणिक एक उंबरठा काढायचा. शंभरातल्या ऐंशी वेळा प्रवाह ज्या पातळीच्या वर असतो, ती पातळी म्हणजे उंबरठा असं बरेच जण धरतात. प्रवाह त्याखाली गेला की दुष्काळ सुरू, परत वर आला की संपला. मधल्या दिवसांत उंबरठ्याला जेवढं पाणी कमी पडलं त्याची बेरीज म्हणजे तूट. कालावधी आणि तूट, एवढ्या दोन गोष्टींत दुष्काळाचं माप सांगता येतं.

जी नदी दरवर्षीच शून्यावर जाते तिला हे माप चालत नाही, कारण उंबरठाच शून्य निघतो. तिथे वेगळी नोंद कामाला येते: धार कधी तुटली? पूर्वी मार्चपर्यंत वाहणारा ओढा आता डिसेंबरातच थांबत असेल तर ते तीन महिने हीच त्याची तूट. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ही तारीख बहुतेक वेळा सणावरून आठवते, ‘संक्रांतीला वाण द्यायला निघालो की ओढ्यात पाय भिजायचे’ अशी. शास्त्राच्या दृष्टीनेही ती टाकाऊ माहिती नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. पाऊस हटला की आधी जमिनीतली ओल जाते, मग ओढे-नाले, मग नदी आणि सगळ्यात शेवटी भूजल. परत येतानाही भूजलच शेवटी सावरतं. त्यामुळे ऑगस्टमध्ये शिवार हिरवं दिसत असताना विहिरीचा दुष्काळ चालूच असू शकतो. पावसाची टक्केवारी पाहून ‘यंदा दुष्काळ नाही’ म्हणणारे इथे फसतात.

आपण नसतो तर?

सगळी मेख या प्रश्नात आहे. माणसाचा वाटा मोजायचा तर धरण, कालवा, मोटार, बोअर, ऊस, शहर यांतलं काहीच नसताना त्याच पावसात नदीत किती पाणी आलं असतं, हे कळायला हवं. ती नदी तर आता अस्तित्वात नाही. म्हणून ती गणितात उभी करावी लागते.

पाऊस, तापमान, मातीची खोली, खडक आणि उतार घेऊन त्यातून नदीत किती पाणी येईल हे काढणारं संगणकी प्रारूप बनवतात. माणसाचा हात लागला नव्हता किंवा कमी लागला होता, त्या वर्षांच्या नोंदींवर ते घासूनपुसून घेतात. ते जुळलं की त्यात अलीकडच्या वर्षांचा पाऊस घालतात. बाहेर येतो तो ‘नैसर्गिक’ प्रवाह, आणि शेजारी ठेवायचा प्रत्यक्ष मोजलेला प्रवाह. समजा एखाद्या हंगामात नैसर्गिक प्रवाहाची उंबरठ्याखालची तूट २ टीएमसी निघाली आणि प्रत्यक्षातली ५ टीएमसी. मग २ पावसाची आणि ३ माणसाची, म्हणजे तुटीतला साठ टक्के वाटा आपला. उलटही होतं. नैसर्गिक तूट ४ आणि प्रत्यक्षातली १ असेल तर धरणानं सोडलेल्या पाण्यानं दुष्काळ हलका केला. आणि नैसर्गिक तूट शून्य असताना प्रत्यक्षात तूट दिसली, तर तो निव्वळ माणसाचा दुष्काळ. आभाळाचा त्यात काही संबंध नाही.

ही रीत नीट मांडणाऱ्यांत अ‍ॅन व्हॅन लून आणि हेनी व्हॅन लानेन या नेदरलँड्समधल्या संशोधकांचं नाव घ्यावं लागतं. त्यांनी २०१३ मध्ये स्पेनमधल्या ग्वादियाना नदीच्या वरच्या खोऱ्याचा हिशेब मांडला. कोरडा मुलूख, शेतीसाठी भूजलाचा प्रचंड उपसा आणि आटत चाललेली पाणथळ जागा, असं ते खोरं. तिथे दुष्काळावर उपशाचा परिणाम कोरड्या हवामानाच्या परिणामाच्या सरासरी चौपट निघाला. तिथल्या दाइमिएलच्या पाणथळीत २००९ मध्ये वाळलेल्या पीटला, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराला, जमिनीखालून आग लागली होती. भूजल किती खाली गेलं होतं याचा अंदाज त्यावरून यावा.

या हिशेबात एक बारीक खोच आहे, आणि नेमकी तीच अनेकदा सुटते. उंबरठा नैसर्गिक प्रवाहावरून काढायचा आणि दोन्हींना तोच लावायचा. उंबरठा बिघडलेल्या नदीवरूनच काढला तर बिघाड हाच ‘एरवी’ ठरतो आणि दुष्काळ कागदावरून गायब होतो.

हीच गोष्ट आपल्याकडे विहिरींच्या बाबतीत होते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत. त्या पातळीची तुलना मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी करतात. टँकर कुठे लागतील, टंचाई कुठे जाणवेल, हे ठरवायला ही तुलना उपयोगी आहे. तिचं काम तेवढंच. पण पातळी दरवर्षी थोडी थोडी खाली जात असेल तर पाच वर्षांची सरासरीही तिच्यासोबत खाली सरकते. दरवर्षी चादर चार बोटं आखूड विणायची आणि मापाला मात्र गेल्या वर्षीचीच चादर घ्यायची, असा तो प्रकार. पावसानं आलेली अचानक घट या मापात चटकन दिसते. उपशानं आलेली संथ घसरण दिसत नाही. माणसाचा वाटा शोधायचा तर नेमकी तीच हवी असते.

भीमेवर हा हिशेब लावताना

केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रं आपल्या जिल्ह्यात आहेत. भीमेवर टाकळीला आणि सीनेवर वडकबाळला. पुढे हत्तरसंग कुडलला, जिथला शके ९४० चा मराठी शिलालेख प्रसिद्ध आहे, तिथे या दोन्ही नद्या मिळतात. म्हणजे मोजमाप नाही असं नाही. अडचण आहे ती ‘आधी’ सापडण्याची.

सगळ्यात सोपा मार्ग धरणाच्या आधीची आणि नंतरची वर्षं तोलून पाहण्याचा. उजनीत १९८० च्या सुमारास पाणी अडलं, मग त्याआधीची भीमा नैसर्गिक धरायची का? नाही. खडकवासला एकोणिसाव्या शतकातलं, पानशेत १९६० च्या दशकातलं. त्याहून मोठी गोष्ट टाटांच्या धरणांची. मुळशी, वळवण, शिरवता, ठोकरवाडी ही धरणं विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत झाली आणि त्यांचं पाणी घाट उतरून कोकणात वीज करायला जातं. मुळशीचा सत्याग्रह १९२१ ते १९२४ चा. तेव्हापासून भीमेच्या वाट्याचं घाटमाथ्यावरचं काही पाणी सोलापूरकडे येतच नाही. आणि घाटमाथा म्हणजे काही ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढचा पाऊस, तर सोलापूर साडेपाचशेच्या आसपास. उजनी भरते ती सोलापूरच्या पावसावर नाहीच. त्यामुळे आपल्याकडे दोन आभाळांचे दोन दुष्काळ असतात. एक आपल्या शिवारावरचा आणि दुसरा दीड-दोनशे किलोमीटरवरच्या सह्याद्रीचा. जिरायत ज्वारी पहिल्यात सापडते, कालव्यावरचा ऊस दुसऱ्यात. एकाच तालुक्यात, एकाच वर्षी एक शेतकरी होरपळतो आणि दुसरा नाही, तो यामुळे.

दुसरा मार्ग वरची आणि खालची बाजू तोलण्याचा. उजनीच्या वर दौंडला येणारं पाणी आणि खाली टाकळीला वाहणारं पाणी यांची तुलना करायची. पावसाळ्यात सगळ्या वृत्तपत्रांचं लक्ष ‘दौंडचा विसर्ग’ या आकड्यावर असतं, कारण तोच उजनीत येतो. पण उन्हाळ्यात दौंडला जे वाहतं त्यात पुणे-पिंपरी चिंचवडचं सांडपाणी बरंच असतं. शहराला दिलेल्या पाण्यातलं साधारण ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं हिशेबात धरतात. म्हणजे एप्रिल-मेमध्ये मुळा-मुठेत नैसर्गिक प्रवाहापेक्षा जास्त पाणी वाहतं. फक्त मोजणीच्या कोष्टकात पाहिलं तर माणसानं दुष्काळ ‘हटवला’ असंच दिसेल. त्या पाण्याचा वास कोष्टकात येत नाही.

खालच्या बाजूला टाकळीची गंमत आणखी वेगळी. सोलापूर शहरासाठी उजनीतून भीमेच्या पात्रात पाणी सोडतात. ते शंभराहून जास्त किलोमीटर वाहत औजच्या बंधाऱ्यात येतं आणि टाकळीहून उचलून शहराकडे जातं. वाटेत वाळू पिते, ऊन पितं, काठच्या मोटारी पितात. शहराला प्रत्यक्ष लागतं त्याच्या कितीतरी पट पाणी त्यासाठी सोडावं लागतं. आषाढीलाही चंद्रभागेत वारकऱ्यांच्या स्नानासाठी पाणी सोडलं जातं. या सगळ्याचा प्रवाहाचा आलेख काढला तर नैसर्गिक नदीसारखी हळूहळू उतरत जाणारी रेघ दिसत नाही. कोरडं, मग एकदम उभी भिंत, काही दिवस सपाट माथा, मग पुन्हा कोरडं. त्या सपाट माथ्यांनी महिन्याची सरासरी वर येते. मे महिन्याची सरासरी पाहणारा म्हणेल, भीमेला उन्हाळ्यात बरं पाणी असतं! म्हणून अशा नदीचं माप महिन्याच्या सरासरीत घेऊन चालत नाही, रोजचा आकडा लागतो.

त्यात बंधाऱ्यांची भर. भीमा-सीनेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे जागोजागी आहेत. पावसाळा संपला की बर्गे, म्हणजे बंधाऱ्याच्या दारांतल्या फळ्या, घालतात आणि मागे पाणी तुंबतं. पुलावरून पाहणाऱ्याला नदी भरलेली दिसते, पण ती उभी असते, वाहत नाही. मोजणीतही हा फसवा प्रकार होतो. प्रवाह रोजच्या रोज थेट मोजत बसत नाहीत. अधूनमधून पाण्याचा वेग आणि पात्राचा छेद मोजून ‘एवढ्या उंचीला एवढे क्युसेक (सेकंदाला घनफूट)’ असा ताळा बांधून ठेवतात आणि एरवी पट्टीवरची पाण्याची उंची वाचून त्यावरून प्रवाह काढतात. खालच्या बंधाऱ्याचा फुगवटा त्या पट्टीपर्यंत पोचला की उंची वाढते, प्रवाह मात्र नाही. ताळा चुकतो. बर्गे कधी घातले आणि कधी काढले, या तारखा जवळ नसतील तर सहा महिन्यांच्या नोंदी संशयित ठरतात.

तिसरा मार्ग जोडीचा. पाऊस, खडक, माती, उतार सारखे, फरक फक्त माणसाच्या वापराचा, अशी दोन पाणलोटं शोधायची. एकावर ऊस-बोअर, दुसऱ्यावर जिरायत. कमी हात लागलेल्याचा उंबरठा दुसऱ्याला लावायचा. संगणकी प्रारूप लागत नाही, हे याचं बळ. मोठ्या नद्यांच्या बाबतीत सोलापुरात अशी जोडी मिळणं अवघड. सीना भीमेची जोडीदार म्हणून घ्यावी तर तिच्यातही भीमा-सीना जोड बोगद्यातून उजनीचं पाणी येतं. माण घ्यावी तर सांगोला-मंगळवेढ्याकडे टेंभू-म्हैसाळ योजनांचं कृष्णेचं पाणी आलेलं. नीरा घ्यावी तर तिच्यावर भाटघर आणि वीर. आपल्या नद्यांचं पाणी एकमेकींत इतकं मिसळलंय की स्वच्छ तुलना उरलेली नाही. ओढ्यांच्या पातळीवर मात्र ही रीत चांगली चालते. दोन-तीन गावांच्या शेजारशेजारच्या पाणलोटांत अशा जोड्या अजून सापडतील, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी.

जमिनीखालचा हिशेब

भूजलाचं गणित तुलनेनं सोपं आहे आणि ते डोळे उघडणारं आहे.

आपल्याखाली काळा पाषाण. वर मुरूम, मग मांजऱ्या खडक, भेगाळलेला थर, त्याखाली घट्ट कातळ. पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत. अशा खडकातून उपसता येणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्केच असतं. मध्यम म्हणून दोन टक्के धरू. म्हणजे सगळ्या शिवारावर २० मिलिमीटर पाणी मुरलं की विहिरी एक मीटर चढतात, आणि तेवढंच उपसलं की एक मीटर उतरतात. आपल्या विहिरी पावसाळ्यात झरझर भरतात आणि दिवाळीनंतर झरझर उतरतात, त्याचं कारण हेच. भांडं लहान आहे.

आता जमा बाजू. अशा खडकात पडलेल्या पावसातलं साधारण सात ते तेरा टक्के मुरतं असं धरतात. साडेपाचशे मिलिमीटरचे दहा टक्के म्हणजे ५५ मिलिमीटर. पातळीच्या भाषेत पावणेतीन मीटर चढ. वर्षाची सगळी कमाई एवढी.

खर्चाची बाजू. उसाचं पीक वर्षभरात स्वतः पिऊन हवेत सोडतं ते पाणी दीड हजार मिलिमीटरच्या आसपास. पाऊस पाचशे देईल, उरलेलं हजार विहिरीतून. गावाच्या शिवाराच्या फक्त दहाव्या हिश्श्यावर विहिरीच्या पाण्यावरचा ऊस असेल तर ते हजार मिलिमीटर सगळ्या शिवारावर वाटल्यावर १०० मिलिमीटर होतात. कमाई ५५, खर्च १००. पाऊस अगदी सरासरीइतका पडला तरी. गुरं, माणसं, बागा यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. याला दुष्काळ म्हणायला पाऊस चुकावाच लागत नाही.

हे ढोबळ गणित आहे, गावागणिक आकडे बदलतील. पण त्यात एक गोष्ट मुद्दाम सांभाळली आहे. पिकाला ‘दिलेलं’ पाणी मी खर्चात धरलं नाही, पिकानं ‘प्यालेलं’ धरलं. पाटानं मोकळं पाणी दिलं की हेक्टरी दोन-अडीच कोटी लिटर लागतात असं म्हणतात, ते दिलेलं पाणी. त्यातलं बरंच परत मुरतं. ठिबक बसवलं की दिलेलं पाणी निम्म्यावर येतं, पण प्यालेलं तेवढं घटत नाही. आणि वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस वाढवला तर विहीर आधीपेक्षा जलद उतरते. ठिबकचं अनुदान देताना हा फरक कुणी विचारत नाही, याचं मला नवल वाटतं.

खर्च मोजणं ही मात्र खरी डोकेदुखी. शेतीपंपाला मीटर नाही, असलं तर ते चालू असेलच असं नाही. म्हणून उपसा आडमार्गानं काढतात: विहिरी आणि बोअरची संख्या, वीज मिळण्याचे तास, उपग्रहाच्या चित्रांवरून कळणारं उन्हाळी पिकाचं क्षेत्र. २००२ पासून पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक टिपून भूजलाची घट सांगणारे ग्रेस उपग्रहही आहेत, पण त्यांना साधारण तीनशे किलोमीटरचा मुलूख एक ठिपका दिसतो. पुण्यापासून सोलापूरपर्यंत सगळं त्या एका ठिपक्यात. उत्तर भारताच्या मैदानाला ते माप ठीक आहे, सांगोल्याला नाही.

सांगोल्याचंच एक उदाहरण पाहा. डाळिंबासाठी तिथे प्लॅस्टिकचं अस्तर टाकलेली शेततळी गावोगाव आहेत. पाऊस संपता संपता विहिरीतलं पाणी उपसून त्यात भरून ठेवतात, उन्हाळ्यात बाग जगवायला. शेतकऱ्याच्या बाजूनं विचार केला तर शहाणपणच, कारण विहिरीत ठेवलेलं पाणी शेजारची मोटारही ओढते. पण मग ऑक्टोबरमध्ये मोजणीला येणाऱ्याला विहीर खाली गेलेली दिसते. नोंद होते ‘पुनर्भरण कमी’. पाणी मुरलं होतंच, ते फक्त खालून वर आणून ठेवलं आहे, आणि आता ते उघड्यावर उडतंय. आपल्याकडे उघड्या पाण्याचं वर्षाकाठी दीड-दोन मीटरपर्यंत बाष्पीभवन होतं. मोजणी बरोबर आहे, निष्कर्ष चुकतो.

खोल बोअरची गोष्टही अशीच. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल बोअर घ्यायला बंदी आहे. म्हणजे सुमारे दोनशे फूट. आता बोअरच्या गाडीवाल्याला विचारा की शेवटचं दोनशे फुटांवर कधी थांबला होता. निरीक्षणातल्या बऱ्याचशा विहिरी उघड्या, खोदलेल्या. त्या वरच्या थराची हकीकत सांगतात. खालच्या भेगांतलं, कित्येक वर्षांत साचलेलं पाणी किती गेलं, ते त्यांच्यात दिसत नाही.

उलट्या दिशेचा परिणाम

माणसाचा वाटा म्हटलं की नुकसानच डोळ्यांपुढे येतं. मोजायला बसलं की दोन्ही बाजू निघतात. उजनीच्या कालव्याखालच्या गावांत पाटाचं पाणी मुरून विहिरी जिवंत राहतात. काही ठिकाणी तर इतकं मुरलं की जमिनी चिबडल्या. १९७२ नंतर दुष्काळी कामांवर झालेले पाझर तलाव आजही खालच्या विहिरींना आधार देतात. पण एका ठिकाणचा आधार बहुधा दुसरीकडच्या तुटीतून आलेला असतो. कालव्याखालच्या विहिरी चढल्या त्या वर्षी टाकळीच्या प्रवाहात तेवढी घट दिसणारच. गावात ओढ्यावर बांध घालून पाणी अडवलं, तर गावाची विहीर सुधारते आणि पुढच्या गावाचा ओढा लवकर तुटतो. म्हणून नदी वेगळी आणि भूजल वेगळं असं मोजलं की प्रत्येक जण आपलं यश दाखवू शकतो. खोऱ्याचा एकच ताळेबंद मांडला की ते लपत नाही.

सरकारी दुष्काळ जाहीर होतो तो २०१६ च्या केंद्रीय संहितेच्या निकषांवर. पाऊस, पेरणी, पिकांची उपग्रहीय स्थिती, मातीतली ओल, जलाशय आणि भूजल असे ते निकष. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात चाळीस तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात आपल्याकडचे बार्शी, माळशिरस, सांगोला, करमाळा आणि माढा होते. या पाचांत उजनीच्या काठचे आणि उसाचे तालुकेही आहेत, आणि कायम कोरडेही. निकष एवढंच सांगतात की पाणी आणि पीक कमी आहे. कशामुळे कमी, हे विचारण्याची त्यांत जागाच नाही. मदत द्यायला ते पुरतं. पण एका तालुक्याला पाऊस हुकल्याची मदत हवी असते आणि दुसऱ्याला उपशाची शिस्त, तेव्हा दोघांना एकच औषध मिळतं.

आता एक प्रामाणिक अडचण. गणितातली ‘नैसर्गिक’ नदी आपण आजच्या पावसावर आणि आजच्या तापमानावर चालवतो. तापमान वाढण्यातही माणसाचा हात आहे. म्हणजे ‘पावसाचा वाटा’ म्हणून जे निघतं त्यातही थोडे आपणच असतो, फक्त सोलापूरचे नाही, साऱ्या जगाचे. या रीतीनं कळतो तो स्थानिक हाताचा वाटा. भीमा खोऱ्यात कुणी किती उपसायचं, किती अडवायचं, हे ठरवायला तेवढा पुरतो.

गावात कुणाला हे करून पाहायचं असेल तर संगणक लागत नाही. वापरात नसलेली एक विहीर निवडा, किंवा वापरातली घेतली तर मोटार आदल्या रात्रीपासून बंद ठेवा. शेजारच्या मोटारीही चालू नसाव्यात, नाहीतर तुम्ही शेजाऱ्याचा उपसा मोजाल. कठड्यावर रंगानं खूण करा आणि दर वेळी तिथूनच टेप सोडा. ‘परस’ (पुरुषभर खोली) या जुन्या मापात मोजू नका, मीटरमध्ये लिहा. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे, दरवर्षी त्याच आठवड्यात. सोबत महसूल मंडळाचा पाऊस, शिवारातलं उसाचं आणि बागेचं क्षेत्र, त्या वर्षी पडलेल्या नव्या बोअर, शेततळी भरल्याच्या तारखा आणि ओढ्याची धार तुटल्याची तारीख. मग सारखा पाऊस झालेली दोन वर्षं शोधायची, एक जुनं, एक नवं, आणि त्यांच्या मे महिन्याच्या पातळ्या शेजारी ठेवायच्या. पाऊस तोच आणि पातळी तीन मीटर खाली, तर ते तीन मीटर कशाचे, यावर ग्रामसभेत बोलायला हातात आकडा असेल.